‘व्यवसाय: मजुरी’ याच्या पुढे काय? एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना व्यवसायजन्य आजार शिकवताना

विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या कुठल्याही दहा केस शीट उघडा. नाव, वय, गाव सगळं नीट भरलेलं असतं आणि व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द असतो: मजुरी. फार तर शेती, नोकरी, घरकाम. आता सांगली-मिरजेच्या ओपीडीत ‘मजुरी’ म्हणजे काय काय असू शकतं ते बघा. कुपवाडच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंग, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करणं, तासगावात बेदाणा निवडणं, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणं, विट्यात माग चालवणं, बीडहून येऊन ऊस तोडणं, नदीकाठच्या वीटभट्टीवर विटा थापणं. यातल्या प्रत्येक कामात शरीराचा वेगळा भाग झिजतो. एक शब्द लिहून रकाना भरला की निदानाची वाट तिथेच बंद होते.

या विषयाची शिकवणी त्या रकान्यापासून सुरू करावी. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवलं होतं की, रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ हा एक प्रश्न वाढवा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विद्यार्थी त्याचं नाव बरोबर सांगतो आणि प्रश्न विचारायला मात्र विसरतो.

अभ्यासक्रमात या विषयाला कम्युनिटी मेडिसिनमधल्या सीएम ११ खाली पाच क्षमता दिल्या आहेत: शेतीसह व्यवसायजन्य आजारांची लक्षणं, ईएसआय (कामगार राज्य विमा) योजना, कामातले धोके आणि प्रतिबंध, अर्गोनॉमिक्स (काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचं शास्त्र), आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे स्वतःचे व्यवसायजन्य आजार. बहुतेक ठिकाणी याच क्रमाने लेक्चर होतात आणि शेवटची क्षमता वेळ संपल्यामुळे राहून जाते. क्रम उलटा करा.

पहिला तास: सुई

तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरच्या मुलांना वॉर्डात जाऊन थोडेच दिवस झालेले असतात. रक्त घ्यायला हात शिवशिवत असतात. ‘न्यूमोकोनिऑसिसची (धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) व्याख्या’ म्हटलं की मागचे दोन बाक झोपतात. ‘उद्या सुई टोचली तर काय कराल?’ म्हटलं की सगळे जागे होतात. विद्यार्थी स्वतःच कामगार आहे, हे त्याला याच तासात कळायला हवं.

आकडे फळ्यावर लिहा. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता हिपॅटायटिस बी मध्ये लस नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी मध्ये जुन्या अंदाजाने साधारण १.८ टक्के आणि नव्या अभ्यासांत त्याहून बरंच कमी, एचआयव्हीत ०.३ टक्के. मग करायचं काय ते प्रत्यक्ष नळाखाली करून दाखवा. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच चोळायचं नाही. चूक इथेच होते, कारण लहानपणापासून बोट दाबायची सवय असते. त्यानंतर लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो २ तासांत जायला हवा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. वर्गातल्या प्रत्येकाला विचारा: हिपॅटायटिस बी चे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झाले का? तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लशीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची पातळी) बघितला का? मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिटपेक्षा कमी आला तर काय करायचं? तासाच्या शेवटी टायटर न केलेल्यांची यादी तयार असली पाहिजे. यादी झाली नाही तर तास फुकट गेला असं समजा.

हिस्टरी: चार तास याच्यावर घालवा

खरा विषय हा आहे. बाकी सगळं पुस्तकात मिळतं, ही गोष्ट मिळत नाही.

‘काय काम करता?’ हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर हुद्दा किंवा जागा असतं. आपल्याला हवी असते कृती. विद्यार्थ्यांना पुढच्यासारखा संवाद वर्गात जोडीजोडीने करायला लावा, एक जण पेशंट होऊन:

‘मामा, काम काय करता?’
‘कुपवाडला कंपनीत हाय.’
‘कंपनीत कुठल्या खात्यात?’
‘फेटलिंगला.’
‘फेटलिंगला म्हणजे हातात काय असतं तुमच्या?’
‘गिरांडर असतोय की. जॉबला वाळू चिकटलेली असती, ती उडवायची.’
‘धूळ उडते तेव्हा तोंडाला काय बांधता?’
‘रुमाल.’
‘किती वर्षं झाली?’
‘धा-बारा झाली. त्याच्या आदी खडी मशीनवर व्हतो.’
‘आणि सुट्टी झाल्यावर अंगावरची धूळ कशी झटकता?’
‘हवा मारतो की पायपानं.’

सहा प्रश्नांत काय काय हाती लागलं ते एकेक करून फळ्यावर मांडा. वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, रुमालातून ते सहज आत जातात. दहा-बारा वर्षं हा क्रॉनिक सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने फुप्फुसात गाठी होण्याचा आजार) दिसायला लागण्याचा काळ. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं म्हणजे दिवसभराची बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर उडवणं. हा शेवटचा प्रश्न कुठल्याही छापील फॉर्ममध्ये नसतो.

इथे हुशार विद्यार्थी हमखास घसरतो. ‘खडी मशीन’ ऐकलं की तो सिलिकोसिसचं खापर तिथेच फोडतो. आपल्याकडची खडी काळ्या बेसाल्टची असते आणि बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका फार कमी असते. त्या धुळीने खोकला-कफ होईल, दमा चाळवेल. पण फुप्फुसातल्या गाठींचा आरोप आधी फाउंड्रीच्या वाळूवर ठेवायचा. दगड दिसला म्हणजे सिलिका नव्हे, कुठला दगड हे विचारायचं. राजस्थानात वाळूच्या दगडाच्या खाणीत काम करून आलेला कामगार भेटला तर गोष्ट वेगळी.

आधीच्या कामांची हिस्टरी घेताना सन विचारून उपयोग नाही. कुणाला आठवत नाही आणि आठवलं तर चुकीचं आठवतं. इकडे पूर हे चांगलं कॅलेंडर आहे. ‘२००५ च्या पुरात कुठं कामाला होता? २०१९ च्या पुरात?’ म्हातारी माणसं असतील तर १९७२ चा दुष्काळ आणि त्याच्या आधी १९६७ चा कोयनेचा भूकंप. दुष्काळी कामावर खडी फोडली होती का, हे आजी-आजोबांना विचारायलाच हवं. पहिलं काम कितव्या वर्षी धरलं तिथपासून आजपर्यंत एक आडवी रेघ मारा, तिच्यावर पूर आणि दुष्काळ खुणा करून ठेवा, मधल्या जागा भरत जा. विद्यार्थी दहा मिनिटांत शिकतात.

मग काळाचा संबंध. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? पुस्तकात बिसिनोसिससाठी (कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजारासाठी) ‘सोमवारी छाती आवळते’ असं लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी पेशंटला सरळ ‘सोमवारी त्रास होतो का?’ विचारतात. औद्योगिक वसाहतीत आणि मागाच्या गावात आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही. प्रश्न असा हवा: ‘सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की कसं वाटतं?’ नाहीतर खरा रुग्ण ‘नाही’ म्हणून सुटून जातो.

उरलेले दोन प्रश्न लहान, पण निकाल लावणारे. शेजारी काम करणाऱ्या कुणाला असाच त्रास आहे का? आणि कामाचे कपडे घरी कोण धुतं? बॅटरीच्या दुरुस्तीत शिसं वितळवणाऱ्याचे कपडे घरी आले की शिसंही घरी येतं आणि पहिल्यांदा लहान पोराच्या पोटात जातं. बाईने ‘घरकाम’ सांगितलं तर तिथेच थांबायचं नाही. ‘मावशी, घरी बसून काही करता का? कांड्या भरता, बेदाणा निवडता, शिवणकाम?’ बहुतेक वेळा काहीतरी निघतंच.

वर्गात आणखी एक युक्ती चालते. एक्स-रे आधी लावा, हिस्टरी नंतर वाचा. दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक गाठी असलेला एक्स-रे दाखवला की सगळे एका सुरात ‘टीबी’ म्हणतात. थुंकीची तपासणी निगेटिव्ह सांगा, तरी टीबीच म्हणतात. मग वरचा संवाद वाचून दाखवा. पण लगेच पुढचं वाक्यही टाका: सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून ‘हे नाही तर ते’ असं न म्हणता दोन्ही शोधायचे, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) पाठवायचीच. नाहीतर एका चुकीच्या घाईतून दुसऱ्या चुकीच्या घाईत नेल्यासारखं होतं.

पोस्टिंग कोणत्या महिन्यात, त्यावर विषय ठरवा

वेळापत्रक वर्षभरासाठी एकच असलं की जुलैमध्ये साखर कारखाना दाखवायची वेळ येते. गाळप बंद, ऊस टाकायची गव्हाण रिकामी, ओव्हरहॉलिंग चालू. मुलं चहा-बिस्किटं खाऊन परत येतात. आपल्या भागाचं कॅलेंडर पिकाचं आहे. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, त्यानंतर ऊसतोड, फेब्रुवारीपासून बेदाणा, त्याच सुमाराला हळद शिजवणं आणि पॉलिश करणं. फाउंड्री आणि माग बारमाही, ते पावसाळ्यातल्या बॅचसाठी राखून ठेवा.

ऑक्टोबरच्या बॅचला द्राक्ष द्या. विषबाधा म्हटलं की विद्यार्थ्याला फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) आठवतं. छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला बागेत ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. कापडाने किंवा स्पंजने हाताने लावायचं काम, दिवसभर. ते कातडीला जाळतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: ते यकृतातलं, दारू पचवायला लागणारं आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम अडवतं. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी कुणी दारू घेतली की डायसल्फिरॅमसारखी (दारू सोडवायच्या गोळीवर दारू घेतल्यासारखी) प्रतिक्रिया येते. तोंड लालबुंद, छातीत धडधड, डोकं ठणकतं, उलटी, रक्तदाब खाली. रात्री दहाला कॅज्युअल्टीत आलेला असा माणूस हार्ट अटॅक म्हणून धरला जातो, किंवा ‘औषध मारताना लागलं’ म्हणून त्याला ॲट्रोपिन (ऑर्गॅनोफॉस्फेटवरचा उतारा) दिलं जातं. फरक डोळ्यांच्या बाहुल्यांत आणि एका प्रश्नात आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, नाडी बहुधा मंद होते. इथे तसं काही नसतं. प्रश्न: ‘काका, आज बागेत काय लावत होता, आणि नंतर घेतली होती का?’ याला खास उतारा नाही, उपचार लक्षणांप्रमाणे. आणि सल्ला एकच, पेस्टच्या दिवसांत आणि नंतरही काही दिवस दारूला शिवायचं नाही.

लेबल वाचायचा सराव याच बॅचला द्या. रिकामे डबे वर्गात आणू नका, लेबलचे फोटो आणा. चौकोनात खालच्या त्रिकोणाचा रंग बघायचा: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, तोंडावाटे एलडी ५० (निम्मे प्रयोगप्राणी मरतात तो डोस) शरीराच्या वजनाच्या किलोला १ ते ५० मिलिग्रॅम. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या वर. विद्यार्थी ‘हिरवा म्हणजे सुरक्षित’ असं लिहितात. हिरवा म्हणजे तीव्र विषबाधेत कमी विषारी, एवढंच. वर्षानुवर्षं फवारणी करून होणाऱ्या त्रासाबद्दल हा त्रिकोण काहीच सांगत नाही.

कोलिनएस्टरेजच्या (ऑर्गॅनोफॉस्फेट अडवतं त्या रक्तातल्या एन्झाइमच्या) तपासणीत एकच गोष्ट डोक्यात बसवा. माणसामाणसांत याची पातळी इतकी वेगळी असते की, प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ रेंज बघून फवारणी करणाऱ्याची पातळी उतरली की नाही हे सांगता येत नाही. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी त्याची स्वतःची पातळी घ्यायची आणि तिच्याशी तुलना करायची. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर आली की कामगाराला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांवर परत गेल्याशिवाय घेत नाहीत. आपल्याकडे असा नियम बागेपर्यंत पोचलेला नाही, पण विचार करायची पद्धत तीच.

बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी हा विषय. सल्फर डायऑक्साइड ओल्या श्लेष्मल त्वचेवर विरघळतो, दमेकऱ्याला काही मिनिटांत धाप लावतो. निवडणीला बसलेल्या बायकांत ‘थंडीचा दमा’ म्हणून औषध घेणाऱ्या किती आणि त्यांचा दमा धुरीच्या खोलीजवळ बसल्यावर वाढतो का, हे विद्यार्थ्यांनी विचारून यावं. याच्यावर जास्त बोलायला नको.

ऊसतोड: फडात जाण्याआधी

‘कोयता’ म्हणजे अवजार एवढंच मुलांना माहीत असतं. इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, करार त्या जोडीच्या नावाने होतो. उचल (आगाऊ रक्कम) आधी घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब वर्षभर चालतो आणि एक दिवस काम चुकलं की खाडा (पैशांचा दंड) लागतो. हे कळल्याशिवाय आरोग्याचं काही कळत नाही. ताप आला तरी बाई ‘बरं आहे’ का म्हणते, पोटुशी असून मोळी डोक्यावर का घेते, पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढायला का तयार होते, याचं उत्तर खाड्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच बायका हंगामात आपल्या ओपीडीत येतात.

फडात कामाच्या वेळी गर्दी करू नका, त्यांचा वेळ म्हणजे पैसा. संध्याकाळी कोपींवर (त्यांच्या झोपड्यांवर) जा, एका गटात पाच-सहा जणच, त्यात निम्म्या मुली. गर्भाशयाचा आणि पाळीचा प्रश्न मुलींनीच, बाजूला बसून विचारायचा. बघायचं काय: पाणी कुठून येतं, दिवसभरात किती तांबे पिता, लघवीला दिवसातून किती वेळा जाता (शौचालय नसलं की बायका पाणी कमी पितात, मग जळजळ, मग उन्हात चक्कर), कोयता लागल्याच्या जखमा कुठल्या हाताला, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी. हमखास चूक अशी की विद्यार्थी दहा मिनिटांत हात धुण्यावर भाषण सुरू करतात. पाणीच दोन किलोमीटरवरून येत असेल तर ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल?

कारखान्याची फेरी

सहल आणि फेरी यात फरक आहे. शंभर मुलं, दोन बस, व्यवस्थापकाचं स्वागत, प्रोजेक्टरवर कंपनीची माहिती, ग्रुप फोटो: ही सहल. फेरीला एका वेळी बारा ते पंधरा जण, त्यापेक्षा जास्त नाही, कारण मागच्या रांगेतल्याला आवाजात काही ऐकूच येत नाही.

पत्र तीन-चार आठवडे आधी द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की आम्ही नोंदी शिकण्यासाठी घेणार आहोत, तपासणीसाठी नाही, फोटो काढणार नाही. आदल्या आठवड्यात शिक्षकाने एकट्याने जाऊन रस्ता चालून बघायचा. पायात बंद बूट, सँडल घालून आलेल्याला बसमध्येच थांबवायचं. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी नको. फिरत्या शाफ्टला नवशिका आणि कामगार हा भेद कळत नाही. इअर प्लग वाटायचे आणि कान वर ओढून प्लग कसा घालायचा ते आधी वर्गात करून घ्यायचं, नाहीतर प्लग कानाच्या तोंडाशी लटकत राहतात.

आत गेल्यावर मालाच्या मागून चालायचं. कच्चा माल येतो तिथून सुरुवात, तयार माल जातो तिथे शेवट. फाउंड्रीत वाळू, मोल्डिंग, कोअर, भट्टी, ओतकाम, नॉकआउट (साचा फोडून जॉब काढणं), शॉट ब्लास्टिंग (कणांचा मारा करून साफ करणं), फेटलिंग. प्रत्येक थांब्यावर चारच ओळी लिहायच्या: इथे आत काय जातं, बाहेर काय उडतं-गळतं-ऐकू येतं, सगळ्यात जवळ कोण उभा आहे, आणि त्याच्या व धोक्याच्या मध्ये काय आहे. सगळ्यात जास्त धूळ नॉकआउट आणि फेटलिंगला, सगळ्यात जास्त उष्णता ओतकामाला, आणि ग्राइंडर धरणाऱ्याच्या बोटांना कंप. बोटं थंडीत पांढरी पडतात का, हे तिथेच विचारून घ्या. साताऱ्याच्या वसाहतीतही हीच वाट चालते, खाती तीच.

आवाज मोजायचं यंत्र नसलं तरी हाताएवढ्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागलं तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरा. असेल तर ते कामगाराच्या कानाजवळ धरायचं, मशीनच्या तोंडाशी नाही. मोबाइलच्या ॲपचे आकडे आवाज मोजायच्या यंत्राशी ताडून बघायला लावा, दोन फोन दोन वेगळे आकडे देतात आणि तोही एक धडा आहे. मग गणित द्या. आपल्या कारखाना नियमांत ९० डेसिबलला ८ तास आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला २ तास. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीत ८५ ला ८ तास आणि दर ३ डेसिबलला निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला किती? विद्यार्थ्यांना बोटं मोजू द्या: ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. कान तोच, आवाज तोच, परवानगी एकीकडे दोन तास आणि दुसरीकडे पाव तास. ‘मर्यादेच्या आत आहे’ हे वाक्य यानंतर कुणी सहज लिहीत नाही.

मागाच्या शेडमध्ये आवाजच मुख्य. बिसिनोसिसचा खरा मारा सूतगिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंगला असतो, जिथे कच्चा कापूस फोडतात. विणकामात तो कमी. ‘यंत्रमाग म्हणजे बिसिनोसिस’ हे समीकरण मोडून काढा. पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजायचं साधन) असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शिफ्टच्या आधी आणि नंतर, प्रत्येक वेळी तीन फुंका, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. सरासरी काढू नका.

उपाय सुचवताना एक नियम लावा: पहिल्या चार उपायांत ‘मास्क’ हा शब्द आला की शून्य गुण. मुलं चिडतात, पण मग विचार करतात. सिलिकाच्या वाळूऐवजी स्टीलचे शॉट वापरता येतील का? ग्राइंडरपाशीच धूळ ओढणारा एक्झॉस्ट बसेल का? झाडूऐवजी व्हॅक्यूम? कपड्यांवर हवा मारायची बंदी? धुळीच्या खात्यात पाळी बदलून माणसं? एवढं झाल्यावर मास्क, आणि तोही रुमाल नव्हे तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५. दाढीवर तो बसत नाही. हेही कुणीतरी सांगायला हवं.

हरिपूरचं पेव

बंदिस्त जागेतला मृत्यू शिकवायला गॅस चेंबरची चित्रं नकोत, हरिपूरची पेवं पुरतात. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड आणि आत घागरीसारखी रुंद. बंद ठेवलेल्या पेवात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून जाणती माणसं तोंड उघडून बराच वेळ वारा घेऊ देतात, मगच उतरतात. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, पण धडा विहीर, सेप्टिक टँक, मळीची टाकी, सगळीकडे तोच.

कंदील सोडून बघायची जुनी रीत वर्गात मुद्दाम चर्चेला घ्या. ज्योत विझते तेव्हा प्राणवायू साधारण १६-१७ टक्क्यांवर उतरलेला असतो. बाहेर तो २०.९, आणि सुरक्षित प्रवेशाची किमान मर्यादा १९.५. म्हणजे १८ टक्क्यांत कंदील खुशाल जळतो आणि माणूस धोक्यात असतो. हायड्रोजन सल्फाइडचा तर कंदिलाला पत्ताच लागत नाही, आणि मिथेन साठलेल्या टाकीत ज्योत सोडणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. मोजायचं गॅस मीटरने, दोरीने खाली सोडून, तोंडाशी, मध्ये आणि तळाशी. विद्यार्थी कुठल्याही पेवात किंवा टाकीत उतरणार नाहीत, डोकावणारही नाहीत.

आणि हे तीन वेळा म्हणवून घ्या: पहिला बेशुद्ध पडला तर दुसरा उतरत नाही. अशा घटनांत मेलेल्यांत वाचवायला गेलेले फार असतात, बहुतेकदा भाऊ किंवा मुलगा.

कागद

निदान केलं आणि कळवलं नाही तर अर्धंच काम झालं. कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ८९ ही कळवायची जबाबदारी डॉक्टरवर टाकत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्यावर व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० चं कलम १२ आणि तिची तिसरी अनुसूची बघायची. जुन्या नोट्स वाटणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत. मतलब तोच: अनुसूचीतला आजार आहे असं डॉक्टरला वाटलं तरी पुरे, खात्रीची वाट बघायची नाही. रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कामाच्या ठिकाणाचं नाव-पत्ता, आणि पत्र निरीक्षक यंत्रणेकडे, म्हणजे आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. प्रत्येक विद्यार्थ्याने असं एक पत्र काल्पनिक रुग्णासाठी हाताने लिहावं. पाऊण पानात बसतं.

ईएसआय शिकवताना फायद्यांची यादी घोकवू नका. १० किंवा जास्त कामगार, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, कामामुळे अपंगत्व आलं तर ९०. एवढं सांगून मागच्या पानांवरच्या माणसांची नावं परत वाचा. फेटलिंगवाला बसतो. कंत्राटदाराकडून आला असेल तर त्याच्याकडे कार्ड आहे का, ते विचारा. ऊसतोडीची बाई बसत नाही. द्राक्षबागेतला मजूर बसत नाही.

इथे एक अवघड प्रसंग वर्गात मोकळा सोडा. रुग्ण म्हणतो, ‘साहेब, कंपनीत कळू देऊ नका, काढून टाकतील.’ कायदा म्हणतो कळवा. पत्र मालकाला जात नाही, सरकारी यंत्रणेला जातं, हे त्याला आधी समजावून सांगायचं, त्याच्या सहकाऱ्यांचीही तपासणी होईल हे सांगायचं, आणि तरीही त्याची भीती खोटी नाही हे मान्य करायचं. मुलांना यावर भांडू द्या.

परीक्षा

‘बगॅसोसिसची (उसाच्या बुरशी आलेल्या चोथ्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) व्याख्या लिहा’ विचारलं की घोकलेलं येतं. त्याऐवजी ऑस्कीत (थांब्याथांब्यांनी घ्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) पाच मिनिटांचं स्टेशन ठेवा, पेशंटच्या जागी इंटर्न बसवा, त्याला ‘साखर कारखान्यात हाय’ एवढंच बोलायला सांगा. दहापैकी चार गुण कृती आणि वस्तू काढल्याबद्दल (बॉयलरजवळ साठवलेल्या जुन्या, कोरड्या, बुरशी आलेल्या बगॅसशी काम, की नुसतं काट्यावर वजन?), दोन आधीच्या कामांना, दोन कामाच्या तासांशी त्रासाचा मेळ घातल्याबद्दल (कामानंतर चार-सहा तासांनी ताप-धाप), एक सहकाऱ्यांबद्दल, एक घराबद्दल. निदान बरोबर आलं आणि कृती विचारली नाही तर सहाच्या वर गुण नाहीत. विद्यार्थी तक्रार करतात, करू द्या.

फेरीनंतर कारखान्याला एक पान परत द्यायचं. दोन चांगल्या गोष्टी, दोन सुधारता येण्याजोग्या, खर्चाच्या अंदाजासकट, कुठल्याही कामगाराचं नाव न घालता. वीस पानांचा अहवाल कुणी वाचत नाही आणि नुसत्या चुकांची यादी गेली की पुढच्या वर्षी गेट उघडत नाही. हे पान आठ दिवसांत जायला हवं. सुट्ट्या लागल्या की राहतं, आणि पुढच्या बॅचचं परवानगीचं पत्र त्याच टेबलावर जाऊन पडतं.